ताठ फाळ आणि सैल जोड

कृष्णाकाठाहून निघून कुंडलच्या डोंगराकडे पायी जाणाऱ्याच्या लक्षात एक गोष्ट आल्यावाचून राहत नाही, ती ही की, अवघ्या काही कोसांच्या अंतरात त्याच्या पायांखालच्या जमिनीची जात, रंग आणि स्वभाव पुनःपुन्हा पालटत जातो. भिलवडी, अंकलखोप, आमणापूर, बुर्ली या नदीकाठच्या गावांची शिवारे खोल काळ्या, चिकण मातीची. पावसात ती पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पलूसच्या बाजूस सरकावे तसा हा काळेपणा कमी होत जातो, आणि झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ यांच्या डोंगरपायथ्याशी येईपर्यंत वीतभर मातीखाली थेट मुरूम लागतो. आज ज्याला आपण पलूस तालुका म्हणतो, त्या एवढ्याशा मुलुखात जमिनीचे इतके प्रकार एकत्र नांदत असल्यामुळे येथील कुणब्याला अवजाराची निवड हा कधीच सोपा विषय नव्हता. आणि या मुलुखाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील जो खरा इतिहास आहे, तो माझ्या मते राजवटींच्या फेरबदलापेक्षा या निवडीच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे उमटलेला आहे.

जुन्या लाकडी नांगराविषयी लिहिताना आपल्याकडील सुशिक्षितांनी फार काळ एक प्रकारची अनुकंपा दाखवली. वस्तुतः तो नांगर म्हणजे अत्यंत विचारपूर्वक घडवलेली वस्तू होती. बाभळीचे वाळलेले, पीळ नसलेले खोड सुताराने पारखून घ्यायचे. त्याला हाळीस बसवायची, ती कोणत्या कोनात बसवावी हे शेताची माती, बैलांची उंची आणि नांगर धरणाऱ्याचा बांधा पाहून ठरवायचे. पाठीमागे रुमणे, खाली लोहाराने ठोकून दिलेला फाळ, आणि पुढे नाड्याने जखडलेले जू. यांतील प्रत्येक भाग गावातच जन्मत असे आणि गावातच दुरुस्त होत असे. सुताराला आणि लोहाराला याबद्दल रोख दाम मिळत नसे. सुगीच्या वेळी खळ्यावरून जे बलुते त्यांच्या घरी जाई, त्यात वर्षभराची ही चाकरी धरलेली असे. फाळ बोथटला की संध्याकाळी भात्यापाशी न्यावा, तापवून, ठोकून, पाणी देऊन घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायला पुन्हा औत धरावे, असा तो क्रम होता.

या नांगराची कसोटी लागे ती हरळी आणि कुंदा या दोन गवतांपाशी. काळ्या रानात या गवतांच्या मुळ्या इतक्या खोल जातात की, वरवरच्या कुळवणीने त्या केवळ तुटतात आणि पाऊस पडताच दुप्पट जोमाने फुटतात. म्हणून दरसाल कुळव फिरवून भागवणारा शेतकरीही काही वर्षांनी एकदा, रब्बीचे पीक निघाल्यावर आणि जमीन अजून पुरती दगड झालेली नसताना, जड नांगर बाहेर काढी. त्याला तीन-तीन, चार-चार बैलजोड्या लागत. एवढी जनावरे एका घरी क्वचितच असल्याने शेजारी-शेजारी सावड करीत. आज तुझे रान, उद्या माझे. खिलार बैल चालीला चपळ आणि अंगाने काटक खरे, पण अशा नांगरटीत त्यांच्या खांद्यांची सालडी निघत, आणि ती भरून येईपर्यंत धन्याच्या जिवाला चैन नसे.

येथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. नांगराचा ताठपणा खोडात आणि फाळात असला, तरी त्याचे शहाणपण जोडात होते. हाळीस खोडात बसवलेली असे ती पाचरीने. पाचर ठोकली की फाळ खोल जाई, ढिली केली की वर येई. नाडा हाळिशीवर पुढे-मागे सरकवूनही खोली कमी-अधिक करता येई. फाळ एखाद्या दडलेल्या धोंड्यात किंवा जुन्या बाभळीच्या मुळात अडकला, तर प्रथम पाचर निसटे, नाहीतर नाडा तुटे, फारच झाले तर हाळीस मोडे. बैलाचा खांदा आणि औत्याचे मनगट मात्र बहुधा वाचे. मोडायचेच तर स्वस्त ते आधी मोडावे, अशी ही योजना होती, आणि ती कोण्या विद्यालयात शिकवलेली नसून पिढ्यानुपिढ्यांच्या ठेचांतून सिद्ध झालेली होती.

अशा व्यवस्थेपुढे लोखंडी नांगर येऊन उभा राहिला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावास आले, बंधू रामूअण्णांसह सायकलींच्या दुकानातून यंत्रांच्या उद्योगाकडे वळले, आणि कडबा कापण्याच्या यंत्रानंतर विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्यांनी लोखंडी नांगर घडवला. त्यांची स्वतःची वस्तू उत्तम होती. पण ती विकली जाईना. लोखंडाने जमीन विषारी होते, हा समज सर्वत्र पसरलेला होता, आणि पहिल्या नांगराला गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षे लागली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. हा समज केवळ आपल्याच अडाणीपणाचा मासला होता, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराची सनद घेतली, तेव्हा तेथील गोऱ्या शेतकऱ्यांनीही लोखंड जमिनीला विष देते आणि तण माजवते, हाच आक्षेप घेतला होता.

आणि या आक्षेपाच्या मुळाशी सत्याचा जो कण आहे, तो टाकून देण्याजोगा नाही. लाकडी नांगर माती फाडतो. लोखंडी नांगर, त्याच्या वळणदार पाटीमुळे, ती उलथवतो. जेथे खाली हातभर काळी माती आहे तेथे हे उलथणे म्हणजे वरदान, कारण कुंद्याच्या मुळ्या उन्हात उघड्या पडून मरतात. पण जेथे वीतभर मातीखाली मुरूम आहे, तेथे तोच नांगर निकस थर वर आणतो आणि कसदार माती खाली गाडतो. पुढच्या हंगामात पीक खुरटले, तर शेतकऱ्याने त्याचा दोष लोखंडाला दिला, यात विचाराचा अभाव होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारण त्याने चुकीचे सांगितले असले, तरी पाहिले होते ते बरोबरच. याशिवाय रोख पैशाचा प्रश्न होताच. सुताराला धान्य देऊन भागत होते. लोखंडी नांगराला रुपये मोजावे लागत, आणि रुपयांसाठी एकतर सावकाराची पायरी चढावी लागे किंवा मामलेदार कचेरीत तगाईचा अर्ज करून कारकुनाची मर्जी सांभाळावी लागे. वर, ऐन नांगरटीत ओतीव फाळ फुटला तर? गावचा लोहार ओतीव लोखंड जोडू शकत नव्हता. बेळगावाहून फाळ येईपर्यंत जमीन वाळून धोंडा होणार, आणि सावडीला बोलावलेले बैल परत जाणार. ज्याचा सबंध वर्षाचा संसार पंधरा दिवसांच्या नांगरटीवर तोललेला आहे, त्याने नव्या अवजाराकडे संशयाने पाहावे, हेच मला त्याच्या जाणतेपणाचे लक्षण वाटते.

हे सर्व पुढे ज्या ठिकाणी पालटले ते ठिकाण पलूसच्याच शेजारी आहे. नगरपालिकेच्या जागाविषयक निर्णयामुळे बेळगावचा कारखाना हलवणे भाग पडले, तेव्हा औंधाधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर पडीक जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. त्या काळी हा मुलूख म्हणजे गोधडीसारखा ठिगळांचा होता: काही गावे इंग्रजी अंमलातील सातारा जिल्ह्यात, काही सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात, आणि कुंडल हे औंधच्या दप्तरी, बांध ओलांडला की सारा भरण्याची कचेरी बदले. (पुढे १९४९ साली या भागाचा दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.) १९१० साली लक्ष्मणराव तेथे आले ते निवडुंगाच्या बेटांत आणि सापांच्या वारुळांत, पण ती जागा रुळांच्या कडेला होती. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या त्या अरुंद रुळाच्या मार्गाने लोखंड आणि कोळसा आत येऊ शकत होता, आणि तयार नांगर व, त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, सुटे फाळ बाहेर जाऊ शकत होते.

सुटा फाळ हाच माझ्या मते या कथेचा खरा नायक आहे. लोखंडी नांगराची थोरवी सांगणारी व्याख्याने शेतकऱ्याने शांतपणे ऐकून घेतली असती आणि तो आपल्या वाटेने गेला असता. परंतु एका साच्यातून निघालेला कोणताही फाळ त्या जातीच्या कोणत्याही नांगराला दोन बोल्टांनी बसतो, तो आठवड्याच्या बाजारात अडत्याकडे मिळतो, आणि तो बदलण्यास सुताराची वा लोहाराची वाट पाहावी लागत नाही, हे एकदा डोळ्यांनी दिसल्यावर त्याच्या मनातील मुख्य भीती नाहीशी झाली. इंग्लंडातील इप्सविच येथे रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ साली फाळाची खालची बाजू ओततानाच थंड लोखंडावर निववून अधिक कठीण करण्याची युक्ती शोधली होती. वरची मऊ बाजू आधी झिजते, खालची धार टिकते, आणि फाळ चालता चालता आपोआप पाजळत राहतो. कठीण आणि मऊ यांची एकाच वस्तूत घातलेली ही सांगड ज्याला समजली, त्याला अवजारशास्त्राचे मर्म समजले.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आवक आटली आणि मागणी वाढली. परंतु त्याच वेळी लोखंडही दुर्मिळ झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा वितळवण्यासाठी किर्लोस्करांना दिल्या. ज्या तोफांनी एके काळी याच मुलुखातील पिके तुडवणाऱ्या फौजांना धाक घातला असेल, त्यांचे फाळ होऊन ते त्याच काळ्या मातीत उतरले, ही घटना मला आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातील अत्यंत हृद्य घटनांपैकी एक वाटते. १९२० साली कारखान्याची हकीगत गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटे पत्र निघाले, आणि त्यातूनच पुढे मराठीतील एक मोठे मासिक उभे राहिले. नांगर विकताना वाचकही घडला. त्याच सुमारास याच रेल्वेमार्गावर सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी आपला कारखाना काढला आणि तेथूनही नांगर निघू लागले. हे कूपर पुढे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान होते. एकाच लोहमार्गावर दोन कारखाने झाल्यावर शेतकऱ्याला प्रथमच खऱ्या अर्थाने निवड करता येऊ लागली: एका जोडीचा हलका नांगर घ्यावा की दोन जोड्यांचा जड, साखळी कोणत्या कडीत अडकवली म्हणजे फाळ किती खोल जातो, आपल्या बैलांना कोणता ओढवेल. अमक्याच्या रानात तमका नांगर कसा चालला, हे बघायला माणसे दोन-दोन गावे चालत जात.

हा सर्व इतिहास पुन्हा उकरून काढण्यास एक निराळेच निमित्त आहे. आपल्याकडील सह्याद्रीत हिंडणारी तरुण मंडळी अलीकडे हिवाळ्यात गुलमर्ग आणि औली येथे स्की शिकण्यास जातात. नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आल्प्सच्या किंवा रॉकी पर्वताच्या उतारांवर मुलांना घेऊन जातात. आणि यंत्राने दाबून सपाट केलेल्या आखीव वाटा सोडून अनवट हिमात उतरण्याची इच्छा झाली की, स्की किती ताठ घ्यावी आणि तिचे बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जखडणारा जोड, कोणता घ्यावा, हा प्रश्न त्यांना पडतो. या साधनाचा पूर्वेतिहास मी वाचू लागलो तेव्हा मला तो पदोपदी ओळखीचा वाटला, कारण तोही मुळात गरीब कुळांचा आणि गावच्या लाकडाचा इतिहास आहे.

नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील मोर्गेदाल येथे १८२५ साली जन्मलेला सोंड्रे नॉरहाइम हा दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा कूळ होता. त्याच्या स्कीचे लाकूड घरचे, आणि जोड म्हणजे टाचेभोवती वळवलेला लवचीक फांद्यांचा पीळ. पण त्या पिळामुळे टाच ताब्यात आली, आणि मध्ये किंचित निमुळत्या केलेल्या पट्टीमुळे वळण घेणे सुकर झाले; १८६८ मध्ये तो क्रिस्तियानिया येथील, म्हणजे आजच्या ओस्लोमधील, स्पर्धेत उतरला तेव्हा राजधानीची माणसे त्याचे कौशल्य पाहतच राहिली. ऑस्ट्रियात माथियास झडार्स्की याला आल्प्सच्या खड्या उतारांवर ही नॉर्वेची लांब पट्टी आणि सैल जोड पुरेना. त्याने पट्टी आखूड केली, पोलादी तळव्याचा जोड बनवला आणि १८९६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. भूमी बदलली म्हणून अवजार बदलले. पुढे साल्झबुर्गच्या रुडॉल्फ लेटनर याने १९२० नंतरच्या दशकात लाकडी पट्टीच्या कडांना पोलादाचे तुकडे जडवले, तेव्हा कोठे गोठून काचेसारख्या झालेल्या हिमावर स्कीला पकड आली. लाकडाच्या खोडाला लोखंडाचा फाळ बसवण्याचीच ही क्रिया होय.

सबंध पट्टीत धातू आणला तो बाल्टिमोरच्या विमान कारखान्यातील हॉवर्ड हेड या अभियंत्याने. अॅल्युमिनियमचे पत्रे आणि मध्ये लाकूड अशी पट्टी बनवून त्याने ती जाणत्या शिक्षकांच्या हाती दिली. त्यांनी ती मोडून परत पाठवली. त्याने पुन्हा बनवली, त्यांनी पुन्हा मोडली, आणि असे करीत करीत १९५० च्या सुमारास न मोडणारी पट्टी सिद्ध झाली. त्या मोडणाऱ्या शिक्षकांचा वाटा मला हेड याच्या वाट्याइतकाच मोठा वाटतो.

परंतु पट्टी ताठ झाली आणि बूट तिला घट्ट जखडला, तसे पाय मोडू लागले. पूर्वी पडल्यावर चामड्याची वादी सुटे किंवा लाकूड तुटे. आता तुटण्यासारखे उरले ते हाडच. मूळचा नॉर्वेचा, पण अमेरिकेत स्थायिक झालेला ह्यालमार ह्वाम १९३७ साली असाच पाय मोडून घेऊन रुग्णालयात पडला, आणि तेथेच त्याला ठरावीक जोर पडताच आपोआप सुटणाऱ्या जोडाची कल्पना सुचली. १९३९ मध्ये त्याने त्याची सनद घेतली. जी गोष्ट आमच्या सुताराची पाचर मुकाट्याने करीत होती, तीच येथे कमानी आणि खिट्ट्या यांच्या साहाय्याने पुन्हा साधावी लागली.

आज दुकानात उभ्या असलेल्या मराठी तरुणाला म्हणूनच दोन निरनिराळे निर्णय घ्यायचे असतात, आणि ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. स्कीचा ताठपणा दोन प्रकारचा असतो: एक लांबीचा, म्हणजे टोक आणि शेपूट किती वाकते हा, आणि दुसरा पिळाचा, म्हणजे कड हिमात रुतली असता पट्टी किती मुरडते हा. वाऱ्याने कडक झालेल्या, इतरांनी उतरून खळगे पाडलेल्या हिमात ताठ पट्टी सरळ राहते आणि पायाखाली थरथरत नाही; भुसभुशीत ताज्या हिमात मात्र पुढचे टोक मऊ आणि वर उचललेले असावे लागते, नाहीतर ते बुडते. वजनदार, वेगाने उतरणाऱ्या आणि गुडघ्यांत बळ असलेल्या माणसाला जी पट्टी आज्ञाधारक वाटते, तीच हलक्या शरीराच्या नवशिक्याला वळतच नाही, कारण ती वाकवण्याइतका भार त्याच्यापाशी नसतो. दुबळ्या जोडीला चार बैलांचा नांगर जुंपावा, तसे ते होते. आणि जोडाची सुटण्याची ओढ ठरवताना वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि उतरण्याची धाटणी एवढे सर्व विचारले जाते. ओढ कमी ठेवली तर खड्या उतारावर नको त्या क्षणी स्की निघून जाते. फाजील वाढवली तर गुडघा जातो. डोंगर चढून मग उतरायचे असेल तर टाच मोकळी करणारा हलका जोड लागतो, जसा ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल याने १९८० च्या दशकात दोन खिळ्यांच्या आधारावर बनवला; पण सबंध दिवस पाळण्याने वर जाऊन केवळ उतरायचेच असेल, तर जड व मजबूत जोड अधिक भरवशाचा. सर्वांत ताठ तेच सर्वांत श्रेष्ठ, हा दुकानातील शेजाऱ्याने दिलेला सल्ला निमूटपणे मानू नये; त्याचे रान निराळे आणि त्याचे बैलही निराळे.

आमच्याकडे आता बैलांची औते मोजकीच राहिली आहेत. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या लक्ष्मणरावांच्या त्या जागेवर, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीला, पंप तयार होतात, आणि पलूसच्या रानांत ऊस व द्राक्षे यांच्यासाठी ट्रॅक्टरचा पलटी नांगर चालतो, जो एका खेपेत पूर्वीच्या चार जोड्यांहून खोल जातो. पण त्या नांगराच्या दांड्यापाशी मुद्दाम कमी ताकदीचा एक बोल्ट घातलेला असतो. फाळ धोंड्यात अडकला की तो बोल्ट तुटतो आणि नांगर वाचतो. कुंडलच्या मुरमाड रानात नांगरायला निघालेला जाणता चालक असे पाच-सहा बोल्ट खिशात घेऊन निघतो; आणि वारंवार तुटतो म्हणून त्या जागी जाड, न तुटणारा बोल्ट घालण्याची सूचना कोणी केली, तर तो ती ऐकत नाही.